पोटदुखीचा तक्ता आणि संगणक

छातीच्या क्ष-किरण चित्रात क्षयाची खूण शोधणारी किंवा नेत्रपटलावरील मधुमेहाचे परिणाम टिपणारी संगणकीय साधने आता रुग्णालयांच्या दैनंदिन कामात येऊ लागली आहेत. त्यांच्याविषयीची चर्चा बहुधा भविष्यकाळात चालते. वास्तविक या प्रयत्नांना पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो यंत्राच्या बुद्धीइतकाच नोंदींच्या भाषेचा इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये.

इंग्लंडमधील लीड्स येथे एफ. टी. डी डोंबल आणि त्यांचे सहकारी यांनी संगणकाला पोटदुखीचे निदान करावयास लावले. पूर्वीच्या रुग्णांमध्ये कोणत्या लक्षणासोबत कोणता आजार किती वेळा आढळला, हे पाहून बेजच्या सिद्धांताने नव्या रुग्णाच्या आजाराची संभाव्यता काढावयाची, अशी ही रीत होती. ३०४ रुग्णांवरील त्यांचा अहवाल १९७२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकाचे निदान ९१.८ टक्के रुग्णांच्या बाबतीत बरोबर ठरले. वरिष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के.

या आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, संगणकाला माहिती पुरवण्यासाठी डॉक्टरांना ठरावीक तक्ता भरावा लागे. दुखणे कोठे सुरू झाले, आता कोठे आहे, कशाने वाढते, उलटी झाली का? आपल्याकडे रुग्ण कळ, मुरडा, ठणका, जळजळ असे शब्द वापरतो आणि प्रत्येकाची छटा निराळी असते. तक्त्यात त्यांतील एकच रकाना निवडावा लागतो. यात काहीतरी हरवते, हे खरे. पण घाईत न विचारलेला प्रश्न विचारलाही जातो. प्रयोगाच्या काळात लीड्सच्या डॉक्टरांचे स्वतःचे निदान सुधारले आणि संगणक काढून घेतल्यावर ते पुन्हा घसरले, असे १९७४ साली नोंदवले गेले. पुढे आठ रुग्णालयांतील सोळा हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत (१९८६) प्राथमिक निदानाची अचूकता ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेली. त्याचे श्रेय एकट्या संगणकाचे नव्हते; शिस्तीने नोंद करण्याचे आणि आपली चूक वेळेवर कळण्याचेही होते.

नोंदीत जे येत नाही, त्याचे काय? १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांचा धोका वर्तवण्याचे प्रयत्न झाले. त्या माहितीतून एक नियम निघाला: दमा असलेल्या रुग्णाला मृत्यूचा धोका कमी. आकडे खोटे नव्हते. अशा रुग्णांना तत्काळ अतिदक्षता विभागात हलवले जाई, म्हणून ते वाचत. परंतु ती शुश्रूषा संगणकाला दिसत नव्हती. नियम मानला असता, तर ज्याला सर्वाधिक काळजीची गरज, त्यालाच घरी पाठवले गेले असते. तीच माहिती वापरणारे सर्वांत अचूक न्यूरल नेटवर्क मात्र आतून काय शिकले आहे, हे उलगडत नव्हते. म्हणून ते रुग्णांसाठी वापरू नये, असे ठरले.

थायलंडमध्ये २०१८-१९ साली गूगलचे नेत्रतपासणीचे साधन सरकारी दवाखान्यांत वापरून पाहिले गेले. प्रयोगशाळेत अत्यंत अचूक ठरलेल्या या साधनाने तेथील पाचव्या हिश्शाहून अधिक चित्रे अस्पष्ट म्हणून नाकारली. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, रांगा मोठ्या होत्या. चित्र नाकारले गेले की रुग्णाला दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या दिवशी जाण्यास सांगावे लागे. परिचारिकांना ते जड जाई.

या तिन्ही उदाहरणांत यंत्राच्या अलीकडे एक माणूस उभा आहे: तक्ता भरणारा डॉक्टर, दम्याच्या रुग्णाची धोक्याची अवस्था ओळखून त्याला हलवणारा कर्मचारीवर्ग, अपुऱ्या अंधारात डोळ्याचे चित्र घेणारी परिचारिका. नवे साधन विकत घेताना त्याच्या अचूकतेची टक्केवारी विचारली जातेच. त्याच वेळी, रुग्णाचे ऐकून नीट लिहिण्यासाठी या माणसांना किती वेळ मिळणार आहे, हेही विचारले पाहिजे.