मालक की मलिक?

मराठीत ‘मालक’ आहे आणि ‘मलिक’ही आहे. पहिला दुकानाचा, घराचा. दुसरा मलिक अंबरच्या नावातला. दोन्ही मूळचे अरबी, एकाच धातूचे. मालिक म्हणजे धनी, मलिक म्हणजे राजा. कुराणाच्या पहिल्याच अध्यायात, फातिहात, न्यायाच्या दिवसाच्या स्वामीसाठी यातला कुठला शब्द म्हणायचा? गंमत म्हणजे दोन्ही म्हटले जातात, आणि दोन्ही बरोबर मानतात!

कारण लिपीत आहे. तिसरा खलिफा उस्मान याने साधारण ६५० च्या सुमारास कुराणाच्या अधिकृत प्रती करून मोठ्या शहरांत पाठवल्या. पण तेव्हाची अरबी लिपी म्हणजे नुसता सांगाडा. ऱ्हस्व स्वर नाहीत, नुक्ते जवळजवळ नाहीत, दीर्घ ‘आ’सुद्धा पुष्कळदा गाळलेला. मालिक आणि मलिक कागदावर एकच दिसायचे. तेव्हा खरं कुराण कागदावर नव्हतंच, ते पाठ करणाऱ्यांच्या तोंडी होतं. त्यांना ‘कारी’ म्हणतात. शिष्याने गुरूसमोर बसून अक्षर न् अक्षर म्हणून दाखवायचं, आणि आपला गुरू कुणाकडे शिकला ते थेट पैगंबरांपर्यंत सांगता यायला हवं. (आपल्या वेदपाठशाळा आठवल्याशिवाय राहत नाहीत.)

माणसंही मोठी झकास होती. कूफ्याचा हमजा तेलाचा व्यापारी. इथून तेल न्यायचं, तिकडून चीज आणि अक्रोड आणायचे, आणि उरलेल्या वेळात पाठ शिकवायचा. मदिनेच्या नाफीने (मृत्यू ७८५) दोन शिष्यांना दिलेली टोपणनावं इतकी चिकटली की खरी नावं मागेच पडली. गोऱ्यापान इजिप्शियन शिष्याला दुधाच्या एका पदार्थावरून ‘वर्श’, आणि दुसऱ्याला रूमी भाषेत ‘छान’ अशा अर्थाचं ‘कालून’. हा कालून पुढे बहिरा झाला आणि ओठांच्या हालचाली बघून शिष्यांच्या चुका काढायचा असं सांगतात. मला हा फार आवडतो.

आज जगातले बहुसंख्य मुसलमान, आपल्याकडचेही, ज्या पद्धतीने म्हणतात ती कूफ्याच्या आसिमची (मृत्यू ७४५), त्याचा सावत्र मुलगा हफ्स याच्यामार्फत आलेली. आता पहा, हदीसच्या पारखी मंडळींनी याच हफ्सला कच्चा साक्षीदार ठरवलं होतं. पाठाच्या बाबतीत मात्र त्याचा शब्द प्रमाण. १९२४ साली कैरोत छापलेली प्रत त्याच्याच पाठाची होती, त्यामुळे तो आणखी पसरला. तरी मोरोक्कोत अजून वर्शच चालतो आणि लिबियात कालून. आसिमच्या वाटेचे लोक ‘मालिक’ म्हणतात, नाफीच्या वाटेचे ‘मलिक’.

असो. पाठभेद वाढत गेले तेव्हा बगदादच्या इब्न मुजाहिदने (८५९-९३६) पाच शहरांतले सात कारी निवडून त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. सातच का, यावर तेव्हापासून वाद आहे. पुढे इब्न अल-जझरीने (१३५०-१४२९) आणखी तिघांना मान्यता मिळवून दिली.

पण निवड म्हटली की कुणीतरी बाहेर राहतो. इब्न मिक्समचं म्हणणं होतं की लिखित सांगाड्यात आणि व्याकरणात बसेल तो उच्चार चालावा, गुरुपरंपरा नसली तरी. ९३४ मध्ये त्याला माघार घ्यायला लावली. इब्न शनबूध नेमका उलट्या टोकाचा. त्याच्याकडे परंपरा होती, पण उस्मानच्या प्रतीशी न जुळणारे जुने पाठ तो उघडपणे म्हणायचा. ९३५ मध्ये त्याला वजीर इब्न मुक्लासमोर उभं केलं, फटके मारले, आणि कबुलीजबाब लिहून घेतला. एकाला तर्क नडला आणि दुसऱ्याला स्मरणशक्ती! मला विचाराल तर दुसऱ्यावरचा अन्याय जास्त बोचतो. त्याने मनाचं काहीच घातलं नव्हतं, जे ऐकलं तेच म्हटलं.

हा वजीर इब्न मुक्ला म्हणजे अरबी सुलेखनाला प्रमाणबद्धतेचे नियम देणारा मोठा कलावंत. फटके खाताना इब्न शनबूधने त्याला शाप दिला म्हणतात, तुझा हात तुटो. पुढे काही वर्षांतच दरबारी राजकारणात वजिराचा उजवा हात खरोखरच तोडला गेला आणि ९४० मध्ये तो कैदेत मेला. इब्न शनबूध त्याच्या आदल्या वर्षी गेला, म्हणजे हाताची बातमी त्याच्या कानावर गेली असणार.