पद्मिनीची पुढची चाकं

कल्याण-शिळ रस्त्यावरचं 'प्रीमियर मैदान' डोंबिवलीकरांना माहीत आहे ते सभा-समारंभांसाठी. प्रीमियर म्हणजे कोण, हे आता नव्याने राहायला आलेल्यांना सांगावं लागतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेली ही मोटार कंपनी. मुख्य कारखाना कुर्ल्याला, आणि दुसरा इकडे कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला. कुर्ल्याहून बाहेर पडलेली सगळ्यात प्रसिद्ध गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, आपल्या काळी-पिवळी टॅक्सीवाली.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. त्या वेळी जे लिहून आलं ते बहुतेक आठवणींबद्दल होतं: मीटर, टपावरचं कॅरियर, सीटची कव्हरं वगैरे. मला मात्र बोलायचंय तिच्या पुढच्या सस्पेन्शनबद्दल. 'पद्मिनीला रेस ट्रॅकसाठी तयार करायचं' म्हटलं की लोक हसतात. पण मंडळी, ट्रॅकसाठी लागणारी मूळ रचना त्या गाडीत पहिल्यापासून होती. कमी होतं ते दुसरंच काहीतरी.

जरा मागे जाऊ. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. तिचं '१०३' हे रूप १९५३ साली आलं. फियाटचे मुख्य अभियंता होते दान्ते जाकोसा. पुढे दोन्ही बाजूंना एकावर एक असे दोन विशबोन, म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारखे त्रिकोणी दांडे, मध्ये कॉइल स्प्रिंग, आणि दोन्ही चाकांना जोडणारा अँटी-रोल बार. मागे मात्र सरळसोट अखंड ॲक्सल आणि ट्रकसारखे पाटे. या ११०० चं 'टीव्ही' नावाचं जरा जास्त ताकदीचं रूप इटलीतल्या मिल्ले मिलिया या हजार मैलांच्या शर्यतीतही धावलं.

दोन विशबोनचा फायदा काय? वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि तिच्याबरोबर चाकही कलायला बघतं. चाक कललं की टायरचा रस्त्याला टेकलेला भाग कमी होतो आणि पकड जाते. वरचा विशबोन खालच्यापेक्षा आखूड ठेवला तर चाक वर उचललं जाताना त्याचा वरचा भाग आत ओढला जातो आणि टायर रस्त्यावर बऱ्यापैकी सपाट राहतो. रेसच्या गाड्या बनवणारे आजही हीच रचना पसंत करतात. गंमत म्हणजे १९९० च्या दशकात कल्याणच्या कारखान्यात जी प्यूजो ३०९ बनली, तिच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट होते. स्ट्रट स्वस्त, जागा कमी खातो, पण चाकाचा कल सांभाळण्यात विशबोनपुढे कमीच पडतो. म्हणजे या एका बाबतीत म्हातारी पद्मिनी सरस!

मग ट्रॅकसाठी बदलायचं काय? पहिली गोष्ट स्प्रिंग. घरगुती गाडीचं अंग खड्ड्यानंतर सेकंदाला साधारण एक-सव्वा वेळा वरखाली झुलतं. ट्रॅकच्या गाडीला हा आकडा दोनच्या वर लागतो. झुलण्याचा वेग दुप्पट करायचा तर स्प्रिंग चौपट कडक करावी लागते. साधं बारावीचं फिजिक्स आहे. स्प्रिंग कडक झाली की तिला आवरणारे शॉकॲब्सॉर्बरही तसेच लागतात. दुसरं म्हणजे गाडी खाली बसवायची, पण बेतानं. फार खाली नेली तर विशबोनचे कोन बिघडतात, आणि टाय रॉड त्यांच्याशी जुळेनासे झाले की प्रत्येक उंचवट्यावर चाकं आपोआप वळायला लागतात. तिसरं, झिजलेले किंग पिन आणि रबरी बुश. ते ढिले असतील तर वरची सगळी गणितं फुकट. आणि हे सगळं करण्याआधी ब्रेक! चारही चाकांना ड्रम, आणि दोन-चार लॅपनंतर ड्रम तापून सुस्त होतात.

टॅक्सीवाल्यांकडे याच्या नेमकं उलट घडलं. डिकीत सीएनजीचं सिलिंडर, टपावर सामान. वजन मागे आणि वर गेलं. तरीही तेच विशबोन मुंबईच्या खड्ड्यांतून वर्षानुवर्षं चालले.

आता मूळ मुद्दा. १९४६ साली लंडनजवळ सर्बिटनला चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी गॅरेजमध्ये एक छोटी रेस कार बनवली. त्यांनी फियाटच्याच, जाकोसांच्याच, टोपोलिनो या छोट्या गाडीची दोन पुढची सस्पेन्शन घेतली आणि एक पुढे, एक मागे जोडलं. इंजिन मोटरसायकलचं, ५०० सीसी, आणि चेनने मागची चाकं फिरवायला सोपं म्हणून ड्रायव्हरच्या मागे. या जुगाडातून पुढे जे वाढत गेलं त्याच्या जोरावर जॅक ब्रॅबहम १९५९ आणि १९६० साली जगज्जेता झाला, आणि नंतर फॉर्म्युला वनमध्ये सगळ्यांचंच इंजिन मागे गेलं.

मग मुंबईत असं का नाही घडलं? हुशार मेकॅनिक कमी होते असं कोण म्हणेल? शर्यतीही होत होत्या. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाट ११०० पळायच्या. माझ्या मते उत्तर भंगारात आहे. कूपरना जुन्या गाडीचे सुटे भाग कापायला मिळाले. आपल्याकडे लायसन्स राजमध्ये गाडी किती बनवायची ते सरकार ठरवणार, आयात जवळपास बंद, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. अशी गाडी कोण कापेल? ठोकलेली फियाट पुन्हा उभी राहायची, विकली जायची आणि परत धावायची. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ ला थांबलं. तिच्या जागी आलेल्या फियाट १२८ ला पुढे स्ट्रट होते आणि इंजिनची ताकदही पुढच्याच चाकांना. आपण १९७४ साली जुन्याच गाडीला पद्मिनी नाव दिलं आणि २००० पर्यंत बनवत राहिलो. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, प्रॉडक्शन सर्व्हर एकच असेल तर त्यावर कोणी प्रयोग करत नाही.

आता भंगार आहे, पण अडचण वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालणार नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपात असली तरच. सुरुवातीच्या पद्मिनी आता त्या वयात पोचल्यात. म्हणजे चांगली पद्मिनी कापली तर आपण एक विंटेज गाडी घालवतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. धडधाकट, कागदपत्रं नीट असलेल्या पद्मिनीला हात लावू नका. किंग पिन, बुश, ग्रीस एवढं करा आणि मूळ रूपात जपा. ट्रॅकची हौस असेल तर गंजलेलं, रस्त्यावर परत येणार नाही असं एखादं धूड शोधा, ट्रेलरवर घालून न्या, आणि त्यावर हवे ते प्रयोग करा. कूपरना १९४६ साली जे सहज मिळालं ते आपल्याला आत्ता मिळतंय. गाडीही तीच आहे, विशबोनही तेच आहेत. असो... कोणी सुरुवात करणार असेल तर स्प्रिंगची गणितं करून द्यायला मी तयार आहे.