मुलांचा आवाज आणि शाळेचें नाटक

शाळेच्या स्नेहसंमेलनांतील नाटकाचा प्रसंग बहुतेक सर्व घरांच्या परिचयाचा असतो. पडदा वर जातो, दाढी लावलेला दहा वर्षांचा राजा सिंहासनावर बसून बोलूं लागतो, पहिल्या रांगेंतील आईबाप कौतुकानें माना डोलवितात, आणि तोंच मागील बांकांवरून “मोठ्यानें, मोठ्यानें!” असा गलका सुरू होतो. राजा गोंधळतो, ओरडूं लागतो, आणि नाटक संपण्यापूर्वीच त्याचा घसा बसतो. मुलाचे शब्द शेवटच्या बांकापर्यंत कसे पोंचावे, ही अडचण वरवर क्षुल्लक दिसते. परंतु तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

इ. स. १५६१ मध्यें लंडन शहरांतील शिंपीव्यवसायाच्या जुन्या व्यापारी संघानें ‘मर्चंट टेलर्स’ नांवाची शाळा काढली. अडीचशें मुलांची सोय असलेल्या या शाळेचा पहिला मुख्याध्यापक रिचर्ड मल्कास्टर. त्यानें हें काम १५८६ पर्यंत पंचवीस वर्षें केलें. एडमंड स्पेन्सर हा कवि आणि टॉमस किड हा नाटककार त्याच्याच हाताखालीं शिकले. मल्कास्टर छडीच्या बाबतींत कांहीं मवाळ नव्हता. पण मुलांना नाटक शिकविण्याची त्याला मनापासून आवड होती. त्याचे विद्यार्थी एलिझाबेथ राणीच्या दरबारांत नाटकें करीत. जेम्स व्हाइटलॉक हा त्याचा एक विद्यार्थी पुढें न्यायाधीश झाला. आपल्या आठवणींत त्यानें नमूद केलें आहे कीं, या नाटकांच्या योगानें गुरूनें आम्हां मुलांस सभ्य वर्तन व धीटपणा हे दोन्ही गुण शिकविले. शिवाय गाणें व वाद्यें यांचाही नित्य अभ्यास करविला. त्या मुलांपैकीं फार थोडे पुढें रंगभूमीवर जाणार होते. धर्मोपदेशक, वकील, व्यापारी होणाऱ्या मुलाला चार माणसांसमोर उभें राहून स्पष्ट बोलतां यावें, हाच त्या खटाटोपाचा मुख्य हेतु होता.

१५८१ मध्यें मल्कास्टरनें मुलांच्या शिक्षणावर एक ग्रंथ प्रसिद्ध करून तो राणीस अर्पण केला. त्यांत व्यायामाचीं प्रकरणें वाचून आजही नवल वाटतें. धांवणें, पोहणें, कुस्ती, चेंडू यांच्या जोडीला उंच स्वरांत बोलणें, गाणें, मोठ्यानें वाचणें, श्वास रोखून धरणें, इतकेंच नव्हे तर हंसणें व रडणें, हेही त्यानें व्यायामांतच गणले आहेत. आवाजाचा व्यायाम ही मूळ ग्रीक व रोमन वैद्यांची परंपरा. आवाज खालच्या पट्टीपासून आरंभून क्रमाक्रमानें चढवावयाचा, एकदम किंचाळावयाचें नाहीं, हें तिचें मर्म. आवाज हें शरीराचें कार्य आहे आणि शरीराप्रमाणेंच तो सावकाश घडवावा लागतो, ही दृष्टि यामागें होती.

या नाटकांना अडथळेही आले. संघाच्या दिवाणखान्यांत पैसे घेऊन प्रयोग होत, तेव्हां एक पेनी देणारा कोणीही उठून मोक्याची जागा अडवी आणि संघाच्या वडीलधाऱ्यांस व त्यांच्या पाहुण्यांस उभें राहावें लागे. अखेर १५७४ मध्यें संघानें तेथें नाटकें करण्यास बंदी केली.

याच सुमारास लंडनमध्यें बालनटांचा दुसरा एक पंथ वाढीस लागला होता. राणीच्या चॅपेलमधील व सेंट पॉल्स मंदिरांतील गायक मुलांकडून त्यांचे शिक्षक व्यवसाय म्हणून नाटकें करवीत. १५७६ मध्यें ब्लॅकफ्रायर्स येथें त्यांचें बंदिस्त नाट्यगृह सुरू झालें. छप्पर, चार भिंती व थोडे प्रेक्षक, यामुळें कोंवळा आवाजही तेथें पुरत असे. उघड्या आकाशाखालीं हजारों लोकांपुढें उभा राहणारा प्रौढ नट मात्र भरदार छातीचाच लागे. जागा आवाजाला साजेशी निवडावी, हें व्यवहारज्ञान या मंडळींना पुरेपूर होतें.

मात्र तेथें मूल हें साधन झालें होतें. राजाच्या चॅपेलसाठीं गायक मुलें सक्तीनें आणण्याचा अधिकार प्रमुखाला असे. त्याच अधिकाराच्या आड डिसेंबर १६०० मध्यें टॉमस क्लिफ्टन नांवाच्या सुमारें तेरा वर्षांच्या मुलाला शाळेच्या वाटेवरून पकडून ब्लॅकफ्रायर्सच्या नाटकशाळेंत नेण्यांत आलें. बापानें वजन खर्चून मुलाला सोडविलें आणि पुढील वर्षीं वरिष्ठ न्यायसभेपुढें दाद मागितली. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’मध्येंही या बालनटांचा उल्लेख आहे. हीं मुलें मोठ्यानें किंचाळून टाळ्या मिळवितात हें ऐकून हॅम्लेट विचारतो कीं, यांचा पोसिंदा कोण, आणि यांचा गाता गळा गेल्यावर यांनीं काय करावयाचें? १६०६ मध्यें चॅपेलच्या गायक मुलांना नाटकांत घेण्यास राजाज्ञेनेंच मनाई झाली.

महाराष्ट्रांतही १८४३ मध्यें सांगलीस विष्णुदास भावे यांनीं नाटकाचा पाया घातला, तेव्हां ध्वनिक्षेपक नव्हता; मराठी नटाला दीर्घकाळ केवळ गळ्याच्या बळावरच मागील प्रेक्षक जिंकावा लागला. आज यंत्र हाताशीं आहे. पण यंत्र अस्पष्ट शब्द मोठा करतें, स्पष्ट करीत नाहीं. मुलाचा आवाज हरवतो तो लहानपणामुळें जितका, तितकाच घाईमुळें, पाठमोरें बोलण्यामुळें आणि वाक्याचा शेवट गिळल्यामुळें. मराठींत तर क्रियापद व नकार दोन्ही वाक्याच्या अखेरीस येतात. “मी राज्य सोडणार नाहीं” यांतील अखेरचा शब्द ओठांत विरला, तर शूर राजा भित्रा ठरतो! म्हणून श्वास कोठें घ्यावयाचा हें आधीं ठरवावें, शेवटचा शब्द पहिल्याइतकाच ठसठशीत म्हणवून घ्यावा आणि तालमीच्या वेळीं शिक्षकानें रंगमंचाजवळ न बसतां शेवटच्या बांकावर बसावें. रिकाम्या दालनांत घुमणारा आवाज भरलेल्या दालनांत माणसें व कपडे शोषून घेतात, हेंही ध्यानांत ठेवावें. ज्या मुलाचा कंठ फुटत आहे त्याला ताणूं नये; त्याला थोडीं वाक्यें द्यावीं, पण नाटकांतून वगळूं नये.

मल्कास्टरच्या शाळेंत आवाज मुलासाठीं घडविला जाई; ब्लॅकफ्रायर्समध्यें मुलगा आवाजासाठीं पकडला गेला. शाळेचें नाटक बसविणाऱ्यानें हा भेद विसरूं नये. मागील बांकावरचा गलका ऐकून जो शिक्षक “आणखी ओरड” असें न सांगतां “सावकाश, शेवटपर्यंत बोल” असें सांगतो, त्याचा विद्यार्थी त्या रात्रीं तर ऐकूं येतोच, आणि पुढें सभेंत, न्यायालयांत वा पंचायतींत बोलावयाची वेळ आली म्हणजे तेथेंही ऐकूं येतो.