काड्यांचा कौल

इ. स. पूर्व २१३ साली चीनच्या पहिल्या सम्राटाने जुने काव्यग्रंथ आणि इतिहासग्रंथ लोकांच्या घरांतून काढून जाळण्याची आज्ञा दिली. वैद्यक, शेती व शकुन ह्या विषयांवरची पुस्तके तेवढी तिच्यातून वगळली होती. ‘ई चिंग’ हा ग्रंथ बचावला तो ह्या सवलतीमुळे. कन्फ्यूशियसच्या परंपरेत ज्याला जवळजवळ वेदांचे स्थान, तो ग्रंथ शकुनवंती म्हणून जगला, ही गोष्ट पुढच्या पंडितांना मनातून जरा सलतच आली असावी. ती न संकोचता सांगणारा एक पंडित दीड हजार वर्षांनी निघाला, आणि त्याच्या उतारवयात त्याच ग्रंथाने त्याची परीक्षा पाहिली. त्याची हकीकत मला सांगायची आहे.

ग्रंथाचा सांगाडा साधा आहे. एक अखंड रेघ आणि एक मध्ये तुटलेली रेघ. अशा तीन-तीन रेघांच्या आठ आकृती आणि सहा-सहा रेघांच्या चौसष्ट. प्रत्येक आकृतीला एक त्रोटक वचन आणि तिच्यातील प्रत्येक रेघेलाही एकेक. कौल पाहणारा यॅरो नावाच्या रोपाच्या पन्नास काड्या घेतो. एक बाजूला ठेवून उरलेल्या एकोणपन्नासांचे दोन भाग करतो आणि चार-चार काड्या मोजीत जातो. तीन वेळा असे केले की एक रेघ ठरते. अठरा वेळांत आकृती पुरी होते.

विद्वानांना हा काड्यांचा खटाटोप खालच्या पायरीचा वाटे. अवघ्या तेविसाव्या वर्षी वारलेल्या वांग बीने (इ. स. २२६–२४९) आकडेमोड आणि रूपकांचे जंजाळ झटकून ग्रंथात तत्त्वज्ञान पाहिले. चेंग यीने (१०३३–११०७) तर प्रत्येक रेघेतून राजाने व प्रधानाने कसे वागावे ह्याचा उपदेश काढला. चू शी (११३०–१२००) हा चेंग यीलाच गुरुस्थानी मानणारा. तरीही त्याने स्पष्ट सांगितले की हा ग्रंथ मुळात कौल पाहण्यासाठी रचला गेला. नीतीचा अर्थ मागून चढला. आपल्या टीकेला त्याने नावच दिले ‘मूळ अर्थ’.

परंपरा सांगे की आकृती फू शीने काढल्या, वचने राजा वेन आणि त्याचा पुत्र चौचा ड्यूक ह्यांनी लिहिली, आणि ‘दहा पंख’ ह्या नावाची विवरणे कन्फ्यूशियसने. चू शीने ही परंपरा मोडली नाही. मात्र प्रत्येकाचा थर निराळा वाचावा असा आग्रह धरला. ग्रंथारंभीच्या चार शब्दांत जुने टीकाकार चार सद्गुण पाहत. चू शीने त्यांचा अर्थ लावला तो असा: मोठे यश आहे, आणि सरळपणाने राहण्यात लाभ आहे. म्हणजे कौलाची भाषा. १८९९ साली शांग काळातील अस्थिलेख विद्वानांच्या नजरेस आले. ज्या चौथ्या शब्दाचा अर्थ चू शीने ‘सरळपणा’ असा केला, तो तेथे ‘देवाला विचारणे’ ह्या अर्थाने येतो. म्हणजे चू शी बरोबर वाटेवर होता; त्या वाटेने तो पुरता गेला नाही, इतकेच.

एवढ्या मोठ्या तत्त्ववेत्त्याने हा आग्रह का धरावा? त्याचे म्हणणे असे की प्राचीन काळी सामान्य माणसाला अक्षर येत नव्हते, हिताहित उमगत नव्हते. त्याचा संशय फिटावा आणि त्याने कामाला लागावे म्हणून ऋषींनी हे साधन दिले. ग्रंथ पंडितांच्या आधी लोकांचा होता. हा विचार मला त्याच्या इतर पांडित्याहून मोलाचा वाटतो.

आता ती परीक्षा. ११९४ साली चू शीला नव्या सम्राटाचा अध्यापक म्हणून राजधानीत बोलावण्यात आले. दरबारात सम्राज्ञीचा आप्त हान थुओचौ ह्याचे वजन वाढत होते. चू शीने त्याच्याविरुद्ध तोंड उघडले आणि दीड महिन्यातच त्याची रवानगी झाली. ११९५ साली त्याचा पाठीराखा प्रधान चाव रूयू ह्यालाही पदच्युत करण्यात आले. पासष्टीच्या चू शीने संतापाने एक लांबलचक निवेदन लिहिले. शिष्य हवालदिल झाले. हे पाठवले तर सर्वांवर संकट येईल, असे त्यांनी विनवले, तो ऐकेना. तेव्हा त्याचा मित्र आणि शिष्य छाय युआनदिंग म्हणाला की काड्यांना विचारू. आकृती आली ‘तुन’. आकाशाखाली पर्वत, अर्थ, माघार. चू शी काही बोलला नाही. त्याने निवेदन जाळून टाकले आणि स्वतःला ‘माघारीचा म्हातारा’ असे नाव घेतले.

तो भ्याला का? मी ह्या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. शिष्यांच्या सांगण्यावरून थांबला असता तर आपण भ्यालो असे त्याला जन्मभर वाटले असते, आणि निवेदन धाडले असते तर शिष्यांचे रक्त माथी आले असते. खरा संशय म्हणतात तो हाच. लोकांसाठी काड्या कशाला असतात हे तो इतरांना शिकवीत आला होता; त्या दिवशी तोही त्या लोकांतला एक झाला.

माघार घेऊनही संकट टळले नाही. त्याच्या विद्येला ‘खोटी विद्या’ ठरवून बंदी आली, त्याची पदे गेली. काड्या काढायला सुचवणारा छाय युआनदिंग हद्दपार झाला आणि ११९८ साली परमुलखातच वारला. चू शीने मात्र दरबारापुरतीच माघार घेतली. शिकवणे त्याने सोडले नाही. १२०० साली मृत्यूपूर्वीच्या दिवसांतही तो आपली एक टीका सुधारीत होता. १२०७ साली हान थुओचौ मारला गेला. १३१३ साली चू शीच्या टीका सरकारी परीक्षांना लागल्या आणि १९०५ साली त्या परीक्षा बंद होईपर्यंत राहिल्या.

निरक्षरांच्या संशयासाठी जो ग्रंथ आहे असे त्याने सांगितले, तो त्याच्याच टीकेसह पोरे नोकरीसाठी घोकू लागली. त्या घोकणाऱ्यांपैकी किती जणांनी, खरा पेच पडला तेव्हा, काड्या हाती घेतल्या असतील?