नवे पाटे टाकले तरी पिकअप करकरते? आवाज कुठून येतो, तो कसा थांबवायचा

बेळगावातून भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या पिकअपवाल्यांना हा आवाज नवीन नाही. स्पीडब्रेकर आला की मागून कुईंऽऽ, खड्डा आला की करकर. गाडी जुनी असेल तर कुणी मनावर घेत नाही. पण चांगले पैसे मोजून नवे पाटे बसवले आणि पंधरा दिवसांत गाडी बैलगाडीसारखी कुरकुरायला लागली, की मालकाचं डोकं फिरतं. मग कुणीतरी सांगतं, "जळका ऑइल मार, बंद होईल." होतो पण बंद, चार दिवस. नंतर पुन्हा सुरू, आणि या वेळी जास्त.

आपल्याकडे पाटे किंवा कमान म्हणतात, इंदूर-हैदराबादकडच्या गॅरेजात कमानी म्हणतात, वस्तू एकच. लवचीक पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून मधोमध सेंटर बोल्टने बांधलेल्या आणि यू-बोल्टने एक्सलला आवळलेल्या. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात आणि त्यात बुश बसतो. एक टोक चासीला पक्कं, दुसरं झुलत्या शॅकलवर. माल भरला की कमान सपाट होते, म्हणजे तिची लांबी वाढते; ती वाढ शॅकल झुलून सामावून घेतो. त्याच वेळी प्रत्येक पाटा वरच्या पाट्यावर थोडा घसरतो. हे घासणं पूर्ण वाईट नाही. त्यामुळेच गाडी खड्ड्यातून निघाल्यावर उड्या मारत राहत नाही. पण पोलादावर पोलाद कोरडं घासलं की ते सरळ सरकत नाही, अडकत-सुटत सरकतं. तोच तो आवाज.

मग कंपनीच्या पाट्यांना हा त्रास कमी आणि बाहेरून घेतलेल्यांना जास्त, असं का? अनेक मूळ पाट्यांत टोकाशी नायलॉन किंवा रबराची छोटी गादी असते, टोकं घासून उतरती केलेली असतात. स्वस्तात बनवलेल्या संचात पट्टी सरळ कापलेली असते. ती धारदार कड वरच्या पाट्याच्या पोटात रुतते आणि तिथे चर पाडते. काही वेळा जुन्या संचात एक जादा पाटा घुसवलेला असतो. त्याची कमान बाकीच्यांशी जुळत नाही, मग तो एकाच जागी दाबून घासतो. वरून मारलेला काळा रंग तर महिन्याभरात निघतोच, त्याखाली गंज.

आवाज नेमका कुठला, हे आधी शोधावं लागतं. त्यासाठी एक बाटली पाणी पुरतं. गाडी सपाट जागी उभी करा, दोघांनी मागच्या हौद्यावर उभं राहून हलवा, तिसऱ्याने खाली कान द्यावा. मग फक्त पाट्यांच्या टोकांवर भरपूर पाणी ओता आणि पुन्हा हलवा. आवाज गेला, तर दोष पाट्यांत. नाही गेला, तर शॅकल आणि बुशवर पाणी टाकून बघा. एका वेळी एकच जागा भिजवायची, नाहीतर काहीच कळत नाही. पावसात गाडी गप्प आणि उघडीप पडली की परत कुरकुर, हाही त्यातलाच पुरावा.

पाट्यांतूनच आवाज येत असेल तर काम घरी किंवा शेडमध्ये होण्यासारखं आहे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे. जॅक एक्सलखाली न लावता चासीखाली लावायचा, म्हणजे एक्सल खाली लोंबतो, पाट्यांवरचं वजन जातं आणि टोकं थोडी उघडतात. ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हे बघायचं. चासीखाली दोन्हीकडे घोडी लावल्याशिवाय गाडीखाली शिरू नये. नुसत्या जॅकवर विसंबू नये. वायर ब्रशने गंज आणि चिखल काढायचा, टॉमीने टोकं हलकेच फाकवायची, धारदार कड असेल तर कानसीने मोडायची. साफ झाल्यावर ग्रॅफाइट किंवा मोलिब्डेनमचं, सुकून कोरडा थर सोडणारं वंगण आत जाईल असं मारायचं. ज्यांच्या पाट्यांत गाद्या नाहीत त्यांनी टोकाखाली बसणाऱ्या नायलॉनच्या पट्ट्या टाकून घेतल्या तर जास्त टिकाऊ काम होतं. मात्र त्या फक्त टोकाशी. मधे, यू-बोल्टच्या दाबाखाली प्लॅस्टिक आलं तर ते दबून पातळ होतं आणि यू-बोल्ट ढिला पडतो. सेंटर बोल्ट मात्र घरी खोलायचा नाही. कमानीत दाब भरलेला असतो. शिकंजा न लावता तो बोल्ट काढला तर पाटे उसळून हात-तोंड फोडतात.

आता तो जळका ऑइल. त्यात डिझेल मिसळून पाट्यांवर मारायची सवय कर्नाटकात आहे, महाराष्ट्रात आहे, सगळीकडेच आहे. ओल्या तेलावर रस्त्याची धूळ बसते आणि पाट्यांमध्ये घासणारा लगदा तयार होतो. तेल रबरी बुशला लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं. उडून ब्रेकच्या लायनरवर गेलं तर काय होईल, हे घाटात माल घेऊन उतरणाऱ्याला सांगायला नको. फुकटचं तेल म्हणून स्वस्त वाटतं, पण पुढे बुश आणि लायनरचं बिल येतं तेव्हा हिशेब कळतो.

बुशमधून आवाज येत असेल तर आधी बुश कोणता ते बघा. धातूचा बुश आणि त्याला ग्रीसचं निप्पल असेल तर ग्रीस गन लावा; जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. रबरी बुशला साधं ग्रीस चालत नाही, तिथे सिलिकॉन चालतं. पण नव्या रबरी बुशचा आवाज बऱ्याचदा वंगणाचा नसतोच, बसवणीचा असतो. गाडी उचललेली, एक्सल लोंबतोय, आणि त्याच स्थितीत मेकॅनिक शॅकल आणि पिनचे बोल्ट करकचून आवळतो. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते ओरडतं आणि लवकर फाटतं. हे बोल्ट आधी हाताने लावून, गाडी चाकांवर उभी करून, मगच पूर्ण आवळायचे असतात. पाटे बदलून घेताना मालकाने समोर उभं राहून एवढं एक करून घेतलं तरी पुष्कळ.

जादा पाटा टाकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पाटा वाढला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. एक्सल, ब्रेक, टायर तेच असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार आहेत, जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे हद्द ओलांडली म्हणून सुटका नाही.

आणि करकर वेगळी, खट-खट वेगळी. गाडी सुटताना किंवा ब्रेक मारताना मागून एकच जड ठोका येत असेल तर यू-बोल्ट ढिला असण्याची शक्यता धरायची. नवे पाटे पहिल्या काही फेऱ्यांत एकमेकांवर बसतात, त्यामुळे सुरुवातीचे काही शे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावे लागतात, तेही गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने. ते राहून गेलं तर सगळा भार सेंटर बोल्टवर येतो; तो तुटला की एक्सल एका बाजूने सरकतो. तपासायला टेप पुरते. दोन्ही बाजूंना चासीवरच्या एकाच खुणेपासून एक्सलपर्यंत अंतर मोजायचं. दोन आकड्यांत डोळ्यांना दिसेल एवढा फरक असेल, गाडी एकीकडे झुकली असेल किंवा एखाद्या पाट्यावर आडवी चीर दिसत असेल, तर माल उतरवून गाडी आधी पाटेवाल्याकडे न्यायची, मग घाटात.