घसारा

बी.कॉम.च्या वर्गात आम्हांला घसारा शिकवला, तेव्हा सर म्हणाले होते, "यंत्र दर वर्षी दहा टक्के झिजतं असं समजा." मी समजलो. परीक्षेत त्यावर बारापैकी अकरा गुणही पडले. यंत्र खरोखरच झिजते, हे मात्र मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी यवतेश्वरच्या घाटात, सौ. मागे बसलेली असताना समजले.

माझी मोटरसायकल शंभर सीसीची. आमच्याच शाखेतल्या एका रोखपालांनी निवृत्त होताना ती मला हप्त्याने दिली. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण जे काही झाले त्यात कंपनीचा दोष नव्हता. दोष कुणाचा होता ते पुढे येईलच. गाडीची ॲव्हरेज उत्तम, आवाज सोज्ज्वळ, रंग काळा. खोड एकच होती. थांबायला सांगितले की ती आधी विचार करी.

आता मी कारकून माणूस. एखादी गोष्ट बिघडली की तिची जुनी फाईल काढायची, ही आमची पद्धत. मिस्त्रीकडे जाण्याआधी मी वाचनालयात गेलो आणि ब्रेकचा इतिहास वाचला. मिस्त्रीने पन्नास रुपये घेतले असते. इतिहास फुकट होता. पुढे तो किती महाग पडला ते सोडा.

इतिहासाची एक गंमत आहे. गाडी कुणी काढली याची नोंद बारकाईने ठेवतात. ती थांबवली कुणी, हे परिशिष्टात. 1885 साली जर्मनीत डाइम्लर आणि मायबाख या जोडीने पेट्रोलवरची लाकडी दुचाकी तयार केली. इंजिनाची ताकद जेमतेम अर्धा अश्व, चाके बैलगाडीच्या जातीची. त्या नोव्हेंबरात डाइम्लरसाहेबांनी तिच्यावर आपल्या मुलाला, पाऊलला, बसवून पाठवले. इंजिनातली तापलेली नळी नेमकी गादीखाली असल्यामुळे वाटेत गादीने पेट घेतला, असे सांगतात. अशा वेळी ब्रेकची आठवण कोणाला होणार? माणूस आपोआप उतरतो.

त्या काळच्या सायकलींना जो ब्रेक असे तो म्हणजे एक उलटा चमचा. दांडा ओढला की तो वरून टायरवर दाबला जायचा. भरीव रबर होते तोवर हे ठीक होते. 1888 साली डनलॉपने हवा भरलेला टायर आणला आणि चमचा त्या महागड्या टायरलाच खाऊ लागला. मग 1902 साली फ्रान्सच्या लुई रेनॉने शहाणपणा केला. त्याने घर्षण टायरवरून काढून चाकाच्या पोटातल्या एका डब्यात नेले. हाच तो ड्रम ब्रेक. त्याच वर्षी इंग्लंडात लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. पण त्यात धातूवर धातू घासला जाई आणि ब्रेक लावताच असा किंचाळे की पुढचा माणूस आवाजानेच बाजूला व्हावा. त्याला लोकांनी पुढे पन्नासेक वर्षे फारसे विचारले नाही. मोटरसायकलीत तो खऱ्या अर्थाने रुळला तो 1969 सालच्या होंडा सीबी 750 पासून.

मला स्वतःला यातला सर्वांत आवडलेला गृहस्थ म्हणजे हर्बर्ट फ्रूड. हा इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखातला. तिथले गाडीवान उतारावर गाडी आवरावी म्हणून ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांवर जुने बूट ठोकीत. हे त्याने पाहिले आणि बुटापेक्षा बरे काहीतरी करावे म्हणून 1897 साली तो लायनर बनवायच्या मागे लागला. कंपनीचे नाव ठेवले फेरोडो: आपल्या आडनावाची अक्षरे उलटीपालटी करून त्यात एक अक्षर बायकोच्या एलिझाबेथ या नावातले घातले. (आमच्या सौ.ला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "एकच अक्षर?") घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो या नावाचा कारखाना होता, तो याच घराण्यातला. या लायनरमध्ये पुढे अ‍ॅस्बेस्टॉस आले. ते तापले तरी जळत नाही म्हणून सर्वांनी डोक्यावर घेतले आणि त्याची धूळ छातीत गेली की माणूस जातो हे कळून वळेपर्यंत बरीच दशके गेली. ड्रम उघडून त्यात तोंडाने फुंकर मारणारे मिस्त्री आपण सर्वांनी पाहिले आहेत. बघितलेत तर त्यांना ओले फडके द्या.

एवढे वाचल्यावर कोणालाही आत्मविश्वास येतो. एका रविवारी मी अंगणात गोणपाट पसरले, शेजाऱ्यांकडून पाने आणले आणि मागचे चाक उतरवले. आत पाहतो तो सगळे पुस्तकातल्यासारखेच! अर्धचंद्राकृती दोन शू, एका टोकाला दोघांची मिळून एक खुंटी, दुसऱ्या टोकाला कॅम. पॅडल दाबले की कॅम फिरतो, शू फाकतात आणि ड्रमला घासतात. यातला एक शू असा बसलेला असतो की फिरता ड्रमच त्याला आणखी आत ओढून घेतो. दुसऱ्याला तोच ड्रम मागे ढकलतो. म्हणजे काम एकच करतो, हजेरी दोघांची लागते. आमच्या शाखेतल्या काउंटर नंबर चार आणि पाचची मला फार आठवण झाली. काम करणारा आधी झिजतो, हेही तसेच.

शू झिजले होते. नवीन जोडी आणायला बाजार बंद. मग मी जुन्यातच भागवायचे ठरवले. कॅमच्या दांडीला दाते असतात; ती काढून एक दात पुढे बसवली की झिजलेला शूसुद्धा पुन्हा ड्रमला टेकतो. ही युक्ती मला स्वतःला सुचली याचा किती अभिमान वाटला म्हणून सांगू! कॅम घट्ट फिरत होता, त्याला बोटभर ग्रीस फासले. नट मनसोक्त आवळला. पुढच्या ब्रेकची वायर इतकी सैल होती की हँडल मुठीला टेके. तिच्याकडे मी बघितलेही नाही. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो, हे मला वडिलांनी सायकल शिकवतानाच सांगून ठेवले होते.

ते 2012 साल. कासचे पठार त्या वर्षी युनेस्कोच्या यादीत गेले आणि सप्टेंबरात सारा सातारा फुले बघायला निघाला. आम्हीही गेलो. चढताना गाडी जरा कुरकुरत होती. नट जास्त आवळल्याने ब्रेक सारखा चिकटत होता, ड्रम तापत होता, हे मला आज कळते. त्या दिवशी मी सौ.च्या हातातल्या डब्याच्या पिशवीला दोष दिला.

परतीच्या वाटेवर यवतेश्वरचा उतार लागला आणि मी मध्यमवर्गीय माणूस जे करतो तेच केले. गाडी न्यूट्रल केली. पेट्रोल वाचते ना! दुसऱ्या वळणाला पॅडल दाबले. ते खाली गेले आणि तिथेच राहिले. बोटभर ग्रीस तापून पातळ झाले होते आणि लायनरवर उतरले होते. हँडल दाबले, ते मुठीला टेकले. समोर एक एस.टी. घाट चढत येत होती, डाव्या हाताला दरड, उजव्या हाताला सातारा शहर. शहर बरेच खाली होते.

मी काहीच बोललो नाही. पण सौ.ला कळले. तिचे वडील तीस वर्षे एस.टी.त ड्रायव्हर होते. मागून शांतपणे आवाज आला, "अहो, गिअर टाका. आधी वरचा, मग खालचा. दादा घाटात कधी न्यूट्रल करत नसत."

मी गिअर टाकला. इंजिन ओरडले, गाडीला हिसका बसला. आणखी एक गिअर खाली. वेग उतरू लागला तशा मी दोन्ही चपला रस्त्यावर टेकल्या आणि पन्नास-साठ फूट घासत नेऊन गाडी दरडीच्या बाजूच्या गटारात उभी केली. एस.टी. बाजूने निघून गेली. सौ.च्या हातातला डबा तसाच होता. माझ्या उजव्या चपलेच्या तळाला मात्र रुपयाएवढे भोक पडले होते. हर्बर्ट फ्रूडने ज्या गाडीवानांकडे बघून कारखाना काढला, त्यांच्या रांगेत मी शंभराहून अधिक वर्षांनी जाऊन बसलो होतो.

घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्यानंतर सहा महिने ती माझ्या मागे बसली नाही. माहेरी जायचे तर एस.टी.ने जाई. विनोद सोडून सांगतो, त्या सहा महिन्यांत रिकाम्या सीटकडे बघताना मला फार लाज वाटे.

सोमवारी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने ड्रम उघडला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"साहेब, हे काम कुणाकडनं करून घेतलं?"

"होता एक जण," मी म्हणालो.

"त्याला परत हात लावू देऊ नका. दांडीचा दात सरकवलाय त्यानं. लायनर आणखी झिजला असता तर कॅम पलटी खाऊन चाक जाम झालं असतं. आन् ग्रीस असं भरलंय जसं पुरणपोळीवर तूप."

त्याने ग्रीस प्यालेले शू फेकून दिले. ते धुऊन वापरत नाहीत म्हणाला. ड्रम पेट्रोलने पुसून पॉलिश पेपर मारला. कॅमला ग्रीस लावले ते काडीच्या टोकाने. दांडीजवळचा बाण दाखवला: तो खुणेला आला की लायनर संपला. कंपनीने तो सगळ्यांना दिसावा म्हणून बाहेर ठेवला होता आणि मी चाक खोलून आत शोधत बसलो होतो. मग पुढची वायर नवी घातली आणि म्हणाला, "पुढचा दाबायला शिका. गाडी थांबताना वजन पुढं येतं. खरं काम पुढचंच चाक करतं. मागचा पुढचा दोन्ही मिळून, हळूहळू." बत्तीस वर्षांत वडिलांचे म्हणणे कोणी असे खोडून काढले नव्हते.

त्या काळी साध्या गाड्यांचे सगळे असेच हातावर असे. 1983 साली फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने जपानी आरडी 350 आपल्याकडे आणली, तेव्हा तिकडे पुढे असलेली डिस्क काढून ड्रम बसवला होता. जायचे जपानी वेगाने आणि थांबायचे आपल्या सवडीने. आता कायदा आला आहे. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस लागते, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागतो. माझ्या नव्या गाडीला सीबीएस आहे. शोरूमवाल्याने ते सांगितले तेव्हा मी क्षणभर दचकलो, कारण आमच्या बँकेतही सीबीएस आहे आणि ते महिन्याच्या एक तारखेला हमखास बंद असते.

सौ. आता मागे बसते. घाट लागला की खांद्यावर बोटाने दोनदा टकटक करते. मी न विचारता सांगतो, "तिसऱ्यात आहे."

"दुसरा टाका," ती म्हणते.