बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचा निवारा आणि सामुदायिक वसतिगृहे : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या तीन मूलभूत गरजा मानल्या जातात. यांपैकी निवाऱ्याचा विचार प्रायः बांधकामाच्या अंगाने होत आला आहे. किती कुटुंबांना घर मिळाले, किती अनुदान वाटले गेले, किती चौरस मीटर जागा उपलब्ध झाली, या आकड्यांवर घरकुल योजनांचे यश मोजले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या संदर्भात मात्र ही मोजपट्टी अपुरी पडते. वर्षातील पाच-सहा महिने या कुटुंबांच्या गावाकडील घराला कुलूप असते आणि त्या काळात ते जेथे राहतात त्या आडोशाला घर म्हणणे कठीण असते. एकाच कुटुंबाचा निवारा असा दोन ठिकाणी विभागला गेल्यामुळे येथे घराचा प्रश्न हा मागे कोण राहणार, त्याला कोण सांभाळणार, या प्रश्नाशी जोडला गेला. या प्रश्नाला शासनाच्या आधी गावाने, नातेवाइकांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी जे उत्तर शोधले, त्याचा ऐतिहासिक वेध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्थलांतराची ऐतिहासिक पार्श्वभूमी

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाड्याबरोबर तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आला. जिल्ह्याच्या मध्यातून बालाघाटची डोंगररांग जाते. या डोंगरपट्ट्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज अशा तालुक्यांत हलकी जमीन व अनिश्चित पाऊस हे शेतीचे कायमचे दुखणे होते. याच सुमारास शेजारच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहत होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० च्या सुमारास सुरू झाले आणि पुढील दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांचे जाळे पसरले. कारखान्यांना हंगामापुरते मजूर हवे होते व बालाघाटच्या गावांना खरिपानंतर काम हवे होते. १९७२ च्या दुष्काळाने या प्रवाहाला अधिक बळ दिले. पुढे बीड जिल्ह्यातही सिंचन वाढले, साखर कारखाने निघाले. तरी स्थलांतर थांबले नाही.

या व्यवस्थेची घडण लक्षात घेतल्याशिवाय निवाऱ्याचा प्रश्न उलगडत नाही. येथे मजुरीचे एकक व्यक्ती नसून ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते व ती फेडण्यासाठी दोघांनीही ऊसतोडीवर जाणे भाग असते. पती-पत्नी दोघेही निघाले की गावाकडील घरात उरतात ते म्हातारे आईवडील आणि शाळेत जाणारी मुले. वृद्धही नसतील तर घर बंद होते आणि मुले आईवडिलांबरोबर उसाच्या फडाकडे निघतात.

कोपी : हंगामाचे घर

कारखान्याच्या परिसरात किंवा मोकळ्या रानात ऊसतोड कामगार ज्या निवाऱ्यात राहतात त्याला ‘कोपी’ म्हणतात. बांबू, चटया, उसाचे पाचट आणि अलीकडे ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचा कागद एवढ्यावर ती उभी राहते. आत वाकूनच जावे लागते. पाणी दूर, शौचालय नाही, वीज असेलच असे नाही, अशी तिची सर्वसाधारण स्थिती राहिली आहे. हंगाम संपला की कोपी मोडते आणि पुढील वर्षी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा उभी राहते.

या निवाऱ्याची किंमत स्त्रियांनी आरोग्याने मोजली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याची बाब २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक महिलांवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. या प्रश्नाची कारणे अनेक आहेत; परंतु पाणी, आडोसा, शौचालय आणि विश्रांती नसलेले घर हे त्यांपैकी एक होय, हे नाकारता येत नाही.

कोपीची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न कायद्यानेही अर्धवट सोडला होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीच्या १९७९ च्या कायद्याने कंत्राटदारावर योग्य निवासाची सोय करण्याचे बंधन घातले होते. मात्र हा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मजुरांपुरता होता. त्यामुळे बीडहून कर्नाटकात जाणारा मजूर त्याच्या कक्षेत येऊ शकत होता, परंतु बीडहून सांगली किंवा कोल्हापूरला जाणारा, तेच काम करणारा मजूर येत नव्हता. २०२० मध्ये संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत या कायद्याचा समावेश करण्यात आला. प्रत्यक्षात कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो व मुकादम कारखान्याकडे, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली.

गावात मागे राहणाऱ्यांचा निवारा

शासनाची घरकुले गावात बांधली गेली. इंदिरा आवास योजना १९८५ पासून व प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून राबविली गेली. दुसऱ्या योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविण्यात आले. या योजनांचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. माळवदाच्या गळक्या घराऐवजी पक्के छत मिळणे ही मोठी गोष्ट होती. तथापि, पक्क्या घरात हंगामभर मूल एकटे राहू शकत नाही. त्याला स्वयंपाक करणारे, आजारपणात बघणारे, रात्री सोबत असणारे माणूस लागते.

ही सोबत आरंभी नात्यातून मिळाली. आजी, चुलती, मावशी यांच्याकडे मुले ठेवण्याची रीत गावोगाव होती आणि आहे. शेतीत जशी सावड किंवा इर्जिक, तशीच ही परस्पर साहाय्याची अलिखित व्यवस्था म्हणता येईल. परंतु तिलाही मर्यादा होत्या. ज्या वस्तीतून बहुतेक घरे ऊसतोडीला जातात तेथे सांभाळणारी माणसेच कमी उरतात. वृद्धांना स्वतःलाच आधाराची गरज असते. सर्वांत बिकट प्रश्न वयात येणाऱ्या मुलींचा होता. मुलीला मागे एकटे ठेवणे पालकांना सुरक्षित वाटत नाही व कोपीत बरोबर नेणेही धोक्याचे वाटते. त्यातून लवकर लग्न लावून देण्याकडे कल वाढतो आणि लग्न झालेली जोडी म्हणजे नवा कोयता, हे आर्थिक गणितही त्याला जोडले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे दिसून आले. बालविवाहाचा प्रश्न हा काही अंशी सुरक्षित निवासाचाही प्रश्न आहे, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

सामुदायिक वसतिगृहांची वाटचाल

महाराष्ट्रात वसतिगृहांची परंपरा जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले आणि पुढे विविध समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र राहता येईल असे वसतिगृह उभारले. मराठवाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय सुरू केले, तेव्हा खेड्यांतून येणाऱ्या दलित विद्यार्थ्यांच्या निवासाचा विचार त्यात अंतर्भूत होता. या सर्व वसतिगृहांत मूल घर सोडून शाळेकडे जात असे. बीडमध्ये स्थिती उलट होती. येथे आईवडील घर सोडून जात होते आणि मूल मागे राहत होते. म्हणून बीडच्या वसतिगृहाला शिक्षणाच्या सोयीबरोबर घराचेही काम करावे लागले.

अंबाजोगाई येथे डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या मराठवाडा नवनिर्माण लोकायत अर्थात ‘मानवलोक’ या संस्थेने ग्रामीण भागात कार्य उभे केले. डॉ. शैला लोहिया यांच्या नेतृत्वाखालील ‘मनस्विनी’ महिला प्रकल्पाने परित्यक्ता व संकटग्रस्त स्त्रियांना आधार दिला. निवारा देताना त्याबरोबर कायदेशीर मदत, समुपदेशन व उपजीविकेचे साधनही द्यावे लागते, ही जाणीव अशा कार्यातून जिल्ह्यात रुजली.

मुलांच्या संदर्भात दोन मार्ग पुढे आले. पहिला मार्ग साखरशाळांचा. १९९० च्या दशकात ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या. त्यामुळे शिक्षण मुलाच्या मागे गेले, परंतु मूल कोपीतच राहिले. दुसरा मार्ग मुलाला गावात ठेवण्याचा. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात हंगामी वसतिगृहांची योजना राबविली गेली व शाळा व्यवस्थापन समितीमार्फत स्थलांतरित पालकांच्या मुलांच्या भोजनाची सोय करण्यात आली. अनेक ठिकाणी मुले जेवण शाळेत घेत आणि रात्री नातेवाइकांच्या घरी झोपत. नाव वसतिगृह असले तरी वसतीचा भार गावावर व नात्यावरच राहिला. त्यामुळे ही योजना खऱ्या अर्थाने सामुदायिक ठरली. मात्र मंजुरी लांबली व पालकांचे प्रस्थान आधी झाले तर मूल त्यांच्याबरोबर जाई, ही तिची दुबळी बाजू होती.

याच पार्श्वभूमीवर निवासी प्रकल्प उभे राहिले. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक व कावेरी नागरगोजे यांनी नव्या शतकाच्या प्रारंभी ‘शांतिवन’ हा प्रकल्प सुरू केला. बाबा आमटे यांच्या कार्याची प्रेरणा त्यामागे होती. ऊसतोड कामगारांच्या तसेच अनाथ व वंचित मुलांना तेथे वर्षभराचे घर आणि शिक्षण मिळाले. गेवराई येथे संतोष गर्जे यांनी ‘सहारा’ अनाथालयाच्या, पुढे ‘बालग्राम’ या नावाने परिचित झालेल्या कार्यातून निराधार मुलांना आसरा दिला. बीडजवळील पाली येथील ‘आनंदग्राम’ने एचआयव्हीबाधित मुलांना घर दिले. या संस्था प्रामुख्याने लोकवर्गणी, धान्य, वस्तुरूप मदत आणि कार्यकर्त्यांच्या श्रमावर उभ्या राहिल्या.

सोलापूरचा अनुभव : एक तुलना

सोलापूर जिल्ह्यात सामुदायिक गृहनिर्माणाचे वेगळे उदाहरण घडले. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली संघटित झालेल्या विडी कामगार महिलांनी कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. शासनाचे अनुदान व कामगारांचा स्वतःचा वाटा यांतून तेथे १० हजार घरे उभी राहिली व २००६ मध्ये त्यांचे लोकार्पण झाले. त्यानंतरच्या रे नगर या ३० हजार घरांच्या प्रकल्पातील १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना देण्यात आली. विडी कामगार एकाच शहरात वर्षभर राहत असल्याने तेथे सहकारी मालकीचे घर हे पुरेसे उत्तर ठरू शकले. बीडच्या ऊसतोड कामगारांची संघटनाही मजबूत होती. तिचे संप दरवाढीसाठी गाजले. परंतु कामगार एका ठिकाणी स्थिर नसल्याने संघटनेचा भर मजुरीवर राहिला आणि निवाऱ्याचे काम स्वयंसेवी संस्थांकडे गेले.

शासनाचा सहभाग

२०१९ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन करण्यात आले. पुढे कारखान्यांकडून गाळप उसाच्या टनामागे १० रुपये आणि तेवढाच शासनाचा वाटा अशी निधीची रचना ठरली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेस मंजुरी मिळाली. राज्यातील १० जिल्ह्यांतील ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक व मुलींसाठी एक, अशी प्रत्येकी १०० क्षमतेची ८२ वसतिगृहे त्यात योजली गेली. म्हणजे एकूण क्षमता ८,२०० विद्यार्थ्यांची होय. ऊस तोडणाऱ्यांच्या मुलांचा निवारा हा ऊस गाळणाऱ्या उद्योगाच्या खर्चाचा भाग मानला गेला, हे या टप्प्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, स्थलांतरित कुटुंबाच्या बाबतीत घर ही बांधलेली वस्तू असण्यापेक्षा सांभाळण्याची व्यवस्था अधिक असते. गावातील घरकुल, फडावरील कोपी व मुलांचे वसतिगृह या तिन्हींचा एकत्र विचार झाल्याशिवाय धोरण पूर्ण होत नाही. दुसरा, बीडमध्ये ही व्यवस्था प्रथम नात्याने, नंतर संस्थांनी व शेवटी शासनाने उचलली; मात्र शासन आले म्हणून आधीचे दोन आधार निरुपयोगी झाले असे नाही. ८,२०० जागांपलीकडे राहणारे मूल अजूनही आजीकडे किंवा एखाद्या संस्थेकडेच राहते. तिसरा, शासकीय वसतिगृहाला इमारत व अनुदान देता येते, परंतु हंगामाचे वेळापत्रक, मुलींच्या सुरक्षिततेची काळजी व पालकांचा विश्वास यांचे ज्ञान गावाकडे व कार्यकर्त्यांकडे आहे. ते योजनेत सामावून न घेतल्यास वसतिगृह रिकामे आणि कोपी भरलेली, असे चित्र दिसू शकते. चौथा, वसतिगृहांमुळे कोपीचा प्रश्न मिटत नाही. मूल गावात सुरक्षित राहिले तरी त्याची आई अजून पाणी व शौचालय नसलेल्या निवाऱ्यातच हंगाम काढते.

जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वर्गांत आज ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींची पहिली शिकणारी पिढी बसलेली आहे. कोणाला आजीने सांभाळले, कोण संस्थेत वाढले, कोण साखरशाळेतून आले, याची मौखिक नोंद करून ठेवणे हे इतिहास विभागांना सहज शक्य आहे. अशी साधने जमा झाली तर निवाऱ्याचा हा इतिहास पुढील धोरणास उपयोगी पडेल.